उलट जोडणी

जुळणी कक्षातल्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. केंद्र सुरू झाले तेव्हा त्या समोरासमोर होत्या. परंतु निकाल कळल्यानंतर एकाच घरातल्या माणसांना एकमेकांची नजर चुकवणे फार अवघड जाते, हे पहिल्याच वर्षी ध्यानात आले आणि त्या वळवण्यात आल्या. भिंतीवर कृष्णेच्या घाटाचे एक मोठे छायाचित्र लावलेले होते. नवरे, सुना, भाऊ, व्याही असे सगळे त्या घाटाकडे बघत आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत बसत.

अभिनंदन चौगुले यांनी आपली खुर्ची उचलून रेघा उमटणाऱ्या पडद्याकडे वळवून घेतली.

मिरजेच्या त्या चित्रणकेंद्रात रुग्णाला सहसा एकट्याने यंत्रात पाठवत नसत. याचे कारण यंत्राच्या घडणीतच होते. चुंबकीय चित्रण, ज्याला लोक अजूनही एमआरआयच म्हणत, आता फार जुने झाले होते. जुन्या यंत्रांतही माणसे घाबरत. म्हणून कारखानदारांनी नळ्या हळूहळू रुंद केल्या, आत दिवे लावले, गाणी लावली. पण मेंदूतला एकेक मज्जातंतू सुटा दिसायला हवा असेल, तर संदेश टिपणारी तारांची वेटोळी शरीराच्या अगदी लगत आणावी लागतात. अंतर थोडे वाढले तरी संदेश कित्येक पटींनी क्षीण होतो. भौतिकीचा हा नियम माणसाच्या सोयीसाठी वाकत नाही. त्यामुळे रुंद झालेली नळी पुन्हा अरुंद होत गेली आणि शेवटी अंगाच्या मापाची झाली. आत कोपर उचलता येत नसे. नाकाच्या शेंड्यापासून वरचे झाकण दोन बोटांवर असे. अशा अवस्थेत अडीच तास, पूर्ण जागेपणी, पडून राहायचे. गुंगीचे औषध देता येत नसे, कारण तंतूंची जी कुजबुज टिपायची तीच त्या औषधाने मंदावते. भीतीही चालत नसे. घाबरलेल्या माणसाचा श्वास अडखळतो, रक्त उसळते, आणि ओल्या शाईवरून हात फिरावा तसे चित्र फिसकटते.

यावर जो उपाय सापडला तो प्रत्येक घरात आधीपासून होता. रडणारे मूल आईच्या छातीशी येताच निवते. शेजारी निजलेल्या दोघांचे श्वास गाढ झोपेत एका लयीत पडतात. एका जिवाच्या मज्जासंस्थेने दुसऱ्या जिवाची भीती उतरवण्याच्या या क्रियेला शास्त्रज्ञांनी सहशमन असे नाव दिले. नळीबाहेर फक्त रुग्णाची पावले राहत. जवळचे कोणीतरी ती पावले धरून बसे. त्याला आधारक म्हणत. दोघांच्या अंगाला बांधलेल्या जोडपट्ट्या आधारकाच्या नाडीची लय हलक्या कंपनांनी रुग्णाच्या तळव्यात पोचवत, आणि मुळात जेवढे शमन असेल ते अनेक पटींनी वाढवत. नसलेले शमन मात्र पट्टीला निर्माण करता येत नसे. कोणाच्या हाताने किती भीती उतरते ते सांगणारा आकडा म्हणजे शमनांक. तो तीसच्या वर असल्याशिवाय रुग्ण नळीत टिकत नसे.

चौगुल्यांच्या पत्नी त्रिशलाबाई यांना तंतुगोठण झाले होते. या विकारात मज्जातंतूंच्या कडेने प्रथिनांचे कण साखरेच्या पाकासारखे गोठत जातात. त्यांच्या डाव्या हाताची बोटे बधिर झाली होती आणि वस्तूंची नावे एकेक करून निसटत होती. झाऱ्याला त्या ‘ते तळणातून काढायचं’ असे म्हणू लागल्या होत्या. औषध उपलब्ध होते. पण ते गोठणाच्या नेमक्या टोकावर सोडावे लागे, आणि ते टोक दाखवणारा नकाशा त्या नळीतूनच मिळत असे. गोठण मेंदूच्या देठापर्यंत, म्हणजे जिथून श्वास चालतो तिथपर्यंत पोचले, की औषधाचा उपयोग संपत असे. श्रावण लागला होता. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे दिवाळीपर्यंत अवधी होता.

पहिली जुळणी, म्हणजे शमनांकाची चाचणी, अर्ध्या तासात आटोपली. कक्षात एक सराव नळी होती. हुबेहूब खऱ्यासारखी, फक्त चुंबक नसलेली. त्रिशलाबाई तिच्यात सरकल्या, चौगुल्यांनी साबणाने हात धुऊन, सांगितल्याप्रमाणे, दोन्ही पावले तळव्यांत घट्ट धरली आणि पडद्यावरची भीतीची रेघ ते एकाग्रतेने पाहत राहिले.

केंद्राच्या प्रमुख डॉ. सानिया जमादार आपल्या खोलीतून बाहेर आल्या. वयाने त्या चौगुल्यांच्या मुलाएवढ्या होत्या.

“काका, घरात दुसरं कुणी आहे का?”

“का? मी आहे की.”

“तुमची जुळणी बसली नाही.”

“किती आली?”

“आकडा आम्ही सांगत नाही.”

“मॅडम, साखर कारखान्यात आयुष्यभर मी मापकंच सांभाळली. आकडा न सांगणारं मापक आम्ही भंगारात टाकायचो.”

डॉक्टरांना हसू आवरले नाही. मग त्या गंभीर झाल्या. “उणे बारा.”

“उणे म्हणजे?”

“काकू नळीत एकट्या असताना जेवढ्या घाबरतात, त्याहून तुम्ही धरल्यावर थोड्या जास्त घाबरतात.”

“तो संकोच आहे,” चौगुले लगेच म्हणाले. “नवऱ्याने बायकोचे पाय धरायचे म्हणजे काय? आमच्या घरात असं कधी झालं नाही. तुमच्या यंत्राला ते कसं कळणार?”

“ते धरलंय आम्ही हिशेबात. यंत्र जिथे तयार झालं तिथल्या लोकांना कल्पनाच नव्हती. इथे पहिल्याच महिन्यात सासरे सुनांचे पाय धरायला बसले आणि सगळे आकडे कोसळले. तेव्हापासून सुरुवातीची काही मिनिटं आम्ही सोडूनच देतो. संकोचकाल म्हणतो त्याला.”

“काही जणांचा संकोचकाल मोठा असेल.”

“असेल,” डॉक्टर म्हणाल्या. समोरचा माणूस उभ्या उभ्या पांढरा पडलेला पाहून त्या असे म्हणाल्या. शास्त्राचा त्याला आधार नव्हता.

त्या एका शब्दावर चौगुल्यांनी आपली योजना उभारली. अडथळा जर संकोचाचा असेल, तर तो सवयीने झिजवता येईल. चौगुल्यांकडे जैन रीतीप्रमाणे दिवेलागणीच्या आत जेवणे आटोपत. त्यानंतर त्रिशलाबाईंनी वेताच्या खुर्चीत बसायचे, पाय समोरच्या चौरंगावर ठेवायचे, आणि चौगुल्यांनी पाटावर बसून ते अर्धा तास धरायचे, असा क्रम ठरला. एकही संध्याकाळ चुकली नाही.

“सैल सोड.”

“सोडलाय.”

“अंगठा ताठ आहे बघ.”

त्रिशलाबाई अंगठ्याकडे बघत. तो त्यांच्या सांगण्याने सैल होत नसे. “अहो, दार उघडं आहे. कुणी आलं म्हणजे?”

“येऊ दे. औषधच आहे हे.”

“समोरच्या बाई म्हणतील, चौगुल्यांनी एवढं काय केलं असेल की बायकोच्या पायाशी बसायची पाळी आली.”

“हसू नकोस. श्वास बदलतो.”

त्या हसायच्या थांबत. मग उरलेला वेळ त्या खुर्चीत सरळ बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. पाय आखडून घ्यावा असे त्यांना वाटे, आणि तसे वाटल्याचे पायातून कळू नये म्हणून त्या आणखी जपत. चौगुल्यांना वाटे, प्रगती होत आहे.

भाद्रपदात दुसरी जुळणी झाली. उणे एकोणीस. दरम्यान मुलगा हॉलंडहून येऊन गेला. त्याचा शमनांक तीन आला.

“माझं हिच्यावर प्रेम नाही असं हे यंत्र म्हणतंय का?” चौगुल्यांनी डॉक्टरांच्या खोलीचे दार लोटून घेतले आणि उभ्यानेच विचारले. असा प्रश्न त्यांनी जन्मात कोणाला विचारला नव्हता.

“यंत्राला प्रेम मोजता येत नाही, काका. बसा ना.” डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. “प्रत्येक जिवाचा मेंदू आतून एक पहारा देत असतो. पुढच्या क्षणी काय होईल, कुठून होईल, त्याचा. हा पहारा कायम चालू असतो. आपल्याला तो जाणवतही नाही. काही माणसं जवळ आली की तो खाली बसतो. काही माणसं जवळ आली की उभा राहतो. यंत्र मोजतं ते एवढंच.”

“मी हिच्यावर कधी हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही.”

“मी तसं म्हटलंच नाही.”

“मग पहारा कशाला उभा राहतो?”

डॉ. जमादारांच्या शास्त्राला ‘किती’ सांगता येत होते. ‘का’ सांगणारी पट्टी अजून निघाली नव्हती.

त्या संध्याकाळी पाटावर बसण्याची वेळ आली, पण चौगुले पाटावर बसले नाहीत. ते खुर्चीशेजारी उभे राहिले.

“तू मला घाबरतेस का?”

“नाही हो.” त्रिशलाबाईंना खरोखरच आश्चर्य वाटले. “घाबरायचं काय त्यात? लक्ष असतं तुमच्याकडे, एवढंच.”

“लक्ष म्हणजे?”

“म्हणजे… तुमची गाडी वळणावर आली की कळतं मला. दार कसं लोटलंत त्यावरून पाणी आधी द्यायचं की चहा आधी ठेवायचा ते कळतं. चष्मा टेबलावर ठेवता ना, त्याचा आवाज असतो. डबी मिटलेली असली तर दिवस बरा गेला. आमटीचा पहिला घास घेईपर्यंत मी आपली…” त्यांना शब्द सापडेना. बधिर हात त्यांनी हवेत नुसता वर धरून दाखवला. “त्यात भीती कुठली? सवयच ती.”

चौगुल्यांना एकही प्रसंग असा आठवेना की जेव्हा त्यांचे चुकले होते. मीठ कमी असेल तर त्यांनी ते शांतपणे सांगितले होते. उशीर झाला तर कारण विचारले होते. त्यांच्या सुधारणा योग्यच असत, आणि त्या फार लहानसहान असत.

“अक्कांना बोलवू या का?” त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या.

अक्का म्हणजे थोरल्या जाऊबाई, कांचनवहिनी. लग्नानंतर कित्येक वर्षे दोघी जयसिंगपूरच्या एकाच स्वयंपाकघरात वावरल्या होत्या. वहिनींच्या कारभाराला वेळापत्रक नसे. दुपारची भांडी घासता घासता दोघींच्या गप्पा तिन्हीसांजेपर्यंत चालत, दूध उतू जाई, आणि दोघी हसत सुटत. चौगुल्यांनी कोणाशी न भांडता कारखान्याच्या वसाहतीत घर मागून घेतले आणि चूल वेगळी केली. ते सर्वांच्या सोयीचेच होते. पुढे भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या.

ते स्वतः जयसिंगपूरला गेले. कांचनवहिनींनी निम्मे ऐकून घेतले आणि पिशवी भरायला घेतली.

“वहिनी, आधी सगळं नीट ऐका तर.”

“तुमचं नीट ऐकायला बसले तर ती पोर म्हातारी होईल, भाऊजी. चला.”

केंद्रातल्या परिचारिकेने वहिनींना विचारले, “आजी, शरीरात काही धातू, काही यंत्र बसवलंय का?”

“काही नाही, वहिनी ठणठणीत आहेत,” चौगुल्यांनी सांगितले. आपल्याबरोबर आलेल्या बायकांची उत्तरे द्यायची त्यांना सवय होती. वहिनी तोवर सराव नळीपाशी पोचल्याही होत्या.

पण पावलांना हात लागताच त्रिशलाबाईंनी पाय आत ओढून घेतले. “अक्का, नको. तुम्ही थोरल्या. मला पाप लागेल.”

“लागू दे. निम्मं मी घेते,” नळीच्या तोंडाशी वाकून वहिनी म्हणाल्या. “आण इकडं ते खुर. तुझ्या बाळंतपणात हेच पाय कुणी चोळले गं? तेव्हा बरी थोरली दिसले न्हाय मी तुला. आणि टाचा बघ की ह्या, भेगांत हरभरा पेरला तर उगवंल.”

नळीतून हसण्याचा घुमणारा आवाज आला. चौगुल्यांनी बऱ्याच वर्षांत तो ऐकला नव्हता. संकोचकाल संपण्याची वाट यंत्राला पाहावीच लागली नाही. पडद्यावरची रेघ एकदम खाली आली आणि सपाट झाली. एकसष्ट.

दसऱ्यानंतरची तारीख मिळाली. तेवढे दिवस वहिनी चौगुल्यांकडेच राहिल्या. स्वयंपाकघरात दोघींचे बोलणे सुरू असे आणि चौगुले आत गेले की थांबे. ते कोणी मुद्दाम करत नसे. चौगुले पाणी घेऊन बाहेर येत आणि बराच वेळ दाराच्या चौकटीपाशी उभे राहत.

चित्रणाच्या दिवशी चुंबकाच्या खोलीच्या उंबऱ्यावर धातुशोधक वाजला. वहिनींच्या बांगड्या, जोडवी, डोरले सगळे आधीच काढलेले होते. परिचारिकेने धातुशोधकाची दांडी वरून खाली फिरवली. डाव्या छातीवर ती पुन्हा वाजली.

“ते व्हय? ते पेसमेकर का काय म्हणतात ते,” वहिनी म्हणाल्या. “लई वर्षं झाली बसवून. घड्याळाएवढं तर हाय.”

त्या खोलीतला चुंबक लोखंडी कपाट खेचून घेईल एवढा प्रबळ होता. हृदयाचे ठोके चालवणारी ती डबी त्या उंबऱ्याच्या आत काही क्षणांत बंद पडली असती. वहिनी म्हणाल्या, पडू दे. डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून मागे आणले. भिंतीपलीकडून तारेने जोडून पाहता येईल का, असे चौगुल्यांनी विचारले. ते प्रयोग पूर्वी झाले होते. त्वचेचा त्वचेला स्पर्श सुटला की शमनांक शून्यावर येतो. वहिनींना यंत्र बसवल्याचे तुम्हाला कसे माहीत नाही, हे कोणी चौगुल्यांना विचारले नाही.

चित्रण रद्द झाले. पुढची वेळ चार दिवसांनी मिळाली. दिवाळीच्या आतली ती शेवटची होती.

“डॉक्टर, एक तपासणी राहिली आहे,” चौगुले म्हणाले. “मापकावर संशय आला की आम्ही जोडणी उलट करून बघायचो. दाब आहे तिथे पोकळी दाखवत असेल तर लगेच कळतं. मी नळीत झोपतो. हिला पाय धरू द्या.”

“काका, त्यातून काकूंसाठी काही निघणार नाही.”

“मापक बरोबर आहे एवढं तरी निघेल.”

ते सराव नळीत सरकले. झाकण खाली आले, आणि तोपर्यंत शब्दांनी माहीत असलेली गोष्ट त्यांना शरीराने कळली. स्वतःचाच श्वास झाकणावर आपटून गरम होऊन चेहऱ्यावर परत येत होता. कोपर हलवायला गेले तर कोपराला जागा नव्हती. हवा भरपूर आहे हे ठाऊक असूनही छाती हवेसाठी झगडू लागली. ही नळी आणखी आवळत आहे, अशी त्यांची खात्री पटली. आपण आता ओरडणार, असे त्यांना वाटले.

तेवढ्यात पावलांवर हात पडला. उजवा उबदार, डावा जरासा थंड आणि अवघडलेला. हंगाम संपून कारखान्याची चक्रे थांबली म्हणजे कानांना जी शांतता जाणवते, ती त्यांच्या सर्वांगात पसरत गेली. झाकण होते तिथेच होते. ते आता नुसते झाकण होते. काही वेळाने त्यांचे डोळे मिटू लागले.

बाहेर आल्यावर ते थेट पडद्यापाशी गेले. चौऱ्याहत्तर. केंद्रात त्याआधी एवढा आकडा आला नव्हता.

“मला वाटलं होतं दोन्ही बाजूंनी सारखाच येत असेल,” ते म्हणाले.

“क्वचितच येतो.”

“ही सपाट रेघ माझी. ही वरची कोणाची?”

“आधारकाची. काकूंची.”

ती रेघ करवतीच्या पात्यासारखी होती.

“म्हणजे माझी भीती हिच्यात जाते?”

“नाही. या नळातून त्या नळात पाणी जावं तशी भीती जात नाही. तुमची भीती तुमच्यातच विझते. पण ती विझावी म्हणून त्यांच्या बाजूला काम चालू राहतं. पंप चालतो म्हणा हवं तर. तुमच्या श्वासात काय कमी-जास्त झालं ते त्यांचा मेंदू क्षणोक्षणी ओळखतो आणि आपला हात त्याप्रमाणे बदलतो. इतकं अचूक काम करणाऱ्या पंपाला विश्रांती घेता येत नाही.”

“हे केव्हापासून?”

“यंत्र फक्त आजचं सांगतं, काका.”

चौगुल्यांनी पट्टी सोडून टेबलावर ठेवली. घाबरणे हा आपला स्वभावच नाही, असे ते आजवर लोकांना सांगत आले होते.

आधारकाविना होणाऱ्या चित्रणाला केंद्रात निराधार चित्रण म्हणत. त्यात टिकलेली माणसे फार थोडी होती. त्रिशलाबाईंनी त्याला संमती दिली. चौगुल्यांना मात्र इमारतीत थांबू नका असे सांगण्यात आले. “रस्त्यापलीकडे कँटीन आहे, तिथे बसा. मी फोन करीन,” डॉक्टर म्हणाल्या, आणि हे शक्य तितक्या मऊपणे कसे म्हणावे याचा त्यांनी आदल्या दिवशी विचार केला होता.

कांचनवहिनी जमिनीवरच्या लाल पट्टीपर्यंत आल्या. तिच्यापुढे त्यांना जाता येत नव्हते. “त्रिशू, मी हितंच हाय गं,” त्या मोठ्याने म्हणाल्या. मग जाड दार लागले.

डॉ. जमादारांनी त्रिशलाबाईंना सगळे समजावून सांगितले होते. डोळे आत जाण्यापूर्वीच मिटायचे. आत गेल्यावर मिटले तर आधी झाकण दिसते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावायचा. यंत्राचे ठोके सुरू झाले की ते मोजायचे नाहीत. मनाला एखाद्या ओळखीच्या जागेत नेऊन फिरवत ठेवायचे. अगदी असह्य झाले तर मुठीतला रबरी फुगा दाबायचा.

त्रिशलाबाई मनाने आपल्या स्वयंपाकघरात गेल्या. वरच्या फळीपासून त्यांनी एकेक वस्तू नाव घेऊन पुसायला सुरुवात केली. पितळी डबा. परात. रवी. ठोके लोहारकामासारखे डोक्याभोवती पडत होते, तरी त्या फळीवरून पुढे सरकत राहिल्या. किसणी. पोळपाट. बराच वेळ हे चांगले चालले. चित्रही चांगले येत होते. मग एका वस्तूचे नाव येईना. ती त्यांना स्पष्ट दिसत होती, तिची मूठ हाताला कळत होती, पण नाव नव्हते. त्याच्या पुढचेही नव्हते, आणि त्याच्या पुढचेही. हात अडखळला की लक्ष जिकडे जायचे तिकडेच ते सवयीने गेले. त्यांनी कानोसा घेतला. गाडी नाही. पाऊल नाही. चष्म्याच्या डबीचा आवाज नाही. भिंती इतक्या जाड होत्या की त्यांतून काहीच येत नव्हते. त्या माणसाचे आत्ता काय चालले असेल, हे त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच कळत नव्हते. लक्ष त्याला शोधत चारी बाजूंनी फिरले आणि कुठेच न टेकता परत आले. तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

झाकण दोन बोटांवर होते.

फोन आल्यावर चौगुले रस्ता ओलांडून आले. डॉक्टर त्यांना दारातच भेटल्या. चित्रण अर्ध्यावर थांबवावे लागले होते आणि मिळालेल्या भागावरून टोक सापडत नव्हते. लगेच दुसरा प्रयत्न करून पाहिला. नळी दिसताच काकूंना कापरे भरले. एकदा बाहेर पडलेले शरीर ती नळी विसरत नाही, आणि असा माणूस पुन्हा टिकल्याचे त्यांच्या पाहण्यात नव्हते. त्या हे सगळे सरळ बोलल्या, कारण चौगुल्यांना सरळ बोललेलेच चालते हे आता त्यांना ठाऊक होते.

त्रिशलाबाई बाकावर बसल्या होत्या. केस विस्कटलेले होते आणि कपाळावर डोके बांधणाऱ्या पट्ट्याचा लाल वळ होता. कांचनवहिनी औषधांची पिशवी आणायला आत गेल्या होत्या. चौगुले समोर येताच त्रिशलाबाईंनी मान वर करून त्यांचा चेहरा पाहिला. त्याला एक क्षणही लागला नाही.

“बसा,” त्या म्हणाल्या. “पाणी प्यायलात का?”

ते बसले.

“सगळं नीट चाललं होतं हो आत. मग तुम्ही कुठे बसला असाल तेच कळेना.” हे त्या माफी मागितल्यासारखे म्हणाल्या.

चौगुल्यांच्या डोळ्यांपुढे मेंदूचा देठ आला, श्वास जिथून चालतो ती जागा. गोठणारा पाक त्या दिशेने चढत होता आणि त्याला थांबवणारे आता कोणी नव्हते. पोटातून काहीतरी वर आले, छातीत भरले, घशाशी येऊन थांबले. हीच ती, हे त्यांनी ओळखले. ही माझी भीती, हिच्यासाठीची. ती पुरती येऊ द्यावी, असे त्यांना तीव्रतेने वाटले.

त्रिशलाबाईंनी उजवा हात त्यांच्या मनगटावर ठेवला. “होईल काहीतरी. एवढं मनाला लावून घेऊ नका. चला, दिवस मावळायच्या आत घरी पोचू; तुमचं जेवण राहील.”

घशाशी आलेले खाली उतरू लागले. इथे पट्टी नव्हती, यंत्र नव्हते, तरी ते उतरत होते. चौगुल्यांनी ते धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यांनी त्या झाकणाचा विचार केला, देठाचा केला, येणाऱ्या थंडीत एका सकाळी थांबणाऱ्या श्वासाचा केला. प्रत्येक विचार मनगटापाशी येऊन गुळगुळीत होत होता. आणि त्या हाताच्या पलीकडे, शांत दिसणाऱ्या त्या चेहऱ्याच्या आत, करवतीसारखी ती रेघ या क्षणी किती उंच गेली असेल हे सांगायला त्यांना आता पडद्याची गरज नव्हती.

‘हात काढ,’ असे त्यांना म्हणायचे होते.

त्यांनी मनगट तिथेच राहू दिले.